अठ्ठेचाळीस मते आणि अमेरिकेचा अध्यक्ष

जोगेश्वरी स्थानकाच्या पूर्वेस उतरून गुंफेकडे, मेघवाडीकडे अथवा मजासवाडीकडे जाणाऱ्या माणसाच्या कानी 4 जून 2024 च्या रात्री एकच आकडा पुनःपुन्हा पडत होता, आणि तो आकडा होता 48. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा मिळून मुंबई वायव्य हा लोकसभेचा मतदारसंघ होतो. त्याची मतमोजणी त्या दिवशी गोरेगावच्या नेस्को संकुलात झाली. आणि यंत्रांत नोंदलेली सर्व मते मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर यांच्या नावापुढे 4,51,095 व रवींद्र वायकर यांच्या नावापुढे 4,51,094 अशी संख्या उभी राहिली. नऊ लाखांवर माणसांचा कौल एका मताच्या अंतरावर येऊन थबकला. मग टपाली मतांचा हिशेब त्यात मिळवण्यात आला. त्यांतील 1,550 वायकरांना आणि 1,501 कीर्तिकरांना पडली होती. आणि अखेरीस 4,52,644 विरुद्ध 4,52,596 अशा फरकाने वायकर निवडून आल्याचे जाहीर झाले. ज्या मतदारसंघात ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायापुढे पंधरा हजारांहून अधिक मतदारांनी बटण दाबले, तेथे निकाल 48 मतांनी लागला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने ती निवडणूक याचिका फेटाळली.

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक समजावून सांगू पाहणाऱ्या प्रकरणाचा आरंभ जोगेश्वरीपासून का करावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, लोकशाहीच्या कोणत्याही पद्धतीची खरी ओळख पटते ती मोठ्या विजयांच्या वेळी नव्हे, तर काटा मध्यावर थरथरत उभा राहतो त्या वेळी. अशा वेळी दोन गोष्टी उघड होतात. मते कोणत्या मापाने मोजली गेली ही पहिली, आणि त्या मोजणीवर किती सत्ता टांगलेली होती ही दुसरी. जोगेश्वरीतील 48 मतांवर लोकसभेच्या 543 जागांपैकी एक जागा टांगलेली होती. 2000 साली फ्लोरिडा राज्यातील 537 मतांवर अमेरिकेचे संपूर्ण अध्यक्षपद टांगलेले होते. या दोन आकड्यांमधील अंतर ज्याला नीट उमगले, त्याला अमेरिकेची राज्यपद्धती आणि तिच्या शेजारी ठेवून पाहिली असता आपली स्वतःचीही राज्यपद्धती पुष्कळ अंशी उमगली, असे म्हणावयास हरकत नाही.

तेरा राज्यांची सनद

1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया शहरी जी परिषद भरली तिच्यात 12 राज्यांचे 55 प्रतिनिधी उपस्थित राहिले. तेरावे ऱ्होड आयलंड हे राज्य आलेच नाही. अकराच वर्षांपूर्वी या लोकांनी इंग्लंडच्या राजाचे जू झुगारून दिले होते, आणि आता त्यांनाच एका व्यक्तीच्या हाती कारभाराची सूत्रे देणारे पद निर्माण करावयाचे होते. असे पद निर्माण करावे, परंतु त्यातून नवा राजा उत्पन्न होऊ नये, हा त्यांच्यापुढील पेच होता. कायदेमंडळाने अध्यक्ष निवडावा तर तो कायदेमंडळाचा मिंधा होणार; सर्व जनतेने थेट निवडावा तर त्या काळच्या दळणवळणात जॉर्जियातील शेतकऱ्याला मॅसॅच्युसेट्समधील गृहस्थाची ओळख ती कोठून असणार? शिवाय लहान राज्यांना मोठ्या राज्यांच्या संख्याबळाची धास्ती होती. अखेर मध्यममार्ग म्हणून असे ठरले की, प्रत्येक राज्याने काही निर्वाचक नेमावेत आणि त्या निर्वाचकांनी आपापल्या राज्यात जमून अध्यक्षासाठी मते द्यावीत.

या तडजोडीच्या मुळाशी आणखी एक कारण होते आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दक्षिणेकडील राज्यांत लाखो गुलाम होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता. म्हणून थेट मतदान झाले असते तर दक्षिणेचे वजन घटले असते. परंतु प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांच्या लोकसंख्येचा तीन पंचमांश भाग हिशेबात धरावा असे त्याच सनदेत लिहिले गेले होते, आणि निर्वाचकांची संख्या प्रतिनिधींच्या संख्येवरून ठरत असल्यामुळे मालकाच्या पारड्यात त्याच्या गुलामांचेही वजन पडू लागले. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षे अध्यक्षपदी व्हर्जिनिया या एकाच गुलामधारी राज्याचे पुरुष होते, ही गोष्ट केवळ योगायोगाची नव्हती. आपल्याकडे व्यापाऱ्याच्या संदर्भात ‘मापात पाप’ असा जो शब्दप्रयोग आहे, तो येथे अक्षरशः लागू पडतो.

हे पाप धुऊन काढण्यासाठी अमेरिकेला भीषण यादवी युद्धातून जावे लागले, आणि 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्या घटनेचा प्रतिध्वनी महाराष्ट्रात उमटला तो विलक्षण रीतीने. 1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा विचार करणाऱ्या त्या पुरुषाला सात समुद्रांपलीकडची ती लढाई आपलीच वाटली. तरीही त्या मुक्तीचे मताच्या अधिकारात रूपांतर होण्यास पुढे दीर्घकाळ लागला. 1870 च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली, 1920 च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांना तो अधिकार दिला, आणि कागदावरचा हा हक्क दक्षिणेतील काळ्या नागरिकांच्या हाती खऱ्या अर्थाने पडण्यासाठी 1965 चा मताधिकार कायदा व्हावा लागला. भारतात 1951-52 च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास जात, धर्म, शिक्षण वा मिळकत न पाहता मत मिळाले, याचे मोल ही वर्षे शेजारी ठेवली म्हणजे कळते.

निर्वाचकांचे गणित

निर्वाचकांचे गणित प्रथमदर्शनी क्लिष्ट भासते, परंतु त्याचा नियम सोपा आहे. अमेरिकेच्या कायदेमंडळाला तेथे काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात 435 सदस्य असतात, आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे, ते लहान असो वा मोठे, दोन याप्रमाणे 50 राज्यांचे 100 सदस्य असतात. प्रत्येक राज्याचे या दोन्ही सभागृहांत मिळून जितके सदस्य तितके त्याचे निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टन हा प्रदेश कोणत्याच राज्यात मोडत नसल्यामुळे त्याला 1961 च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने 3 निर्वाचक मिळाले. अशी एकूण संख्या 538 होते आणि अध्यक्ष होण्यासाठी त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान 270 मते मिळवावी लागतात. सध्या कॅलिफोर्नियाचे 54, टेक्सासचे 40, फ्लोरिडाचे 30, तर वायोमिंगचे केवळ 3 निर्वाचक आहेत.

आपल्या वाचकास हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण भारताचा राष्ट्रपतीही निर्वाचकमंडळाकडूनच निवडला जातो, आणि जोगेश्वरीचा आमदार त्या मंडळाचा एक सभासद असतो. संविधानाच्या 55 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याच्या लोकसंख्येस आमदारांच्या संख्येने व नंतर एक हजाराने भागून आमदाराच्या मताचे मूल्य काढतात. 1971 च्या शिरगणतीवरून महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य 175 येते, उत्तर प्रदेशात ते 208 आणि सिक्कीममध्ये 7 आहे. 2007 साली जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, त्या याच गणिताच्या आधारे. आपल्या गणितात आमदाराच्या मताचे मूल्य लोकसंख्येच्या प्रमाणात राहते; अमेरिकेच्या गणितात सिनेटच्या दोन जागांमुळे लहान राज्याच्या पारड्यात जादा वजन पडते. 2020 च्या शिरगणतीप्रमाणे कॅलिफोर्नियात सुमारे 7 लाख 32 हजार माणसांमागे एक निर्वाचक पडतो, तर वायोमिंगमध्ये सुमारे 1 लाख 92 हजारांमागे. म्हणजे वायोमिंगच्या रहिवाशाचे मत कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाच्या मताहून सुमारे पावणेचार पटींनी जड ठरते.

परंतु या पद्धतीतील सर्वांत मोठी विषमता घटनेच्या कोणत्याही कलमातून आलेली नाही; ती राज्यांनी आपापल्या कायद्यांनी रूढ केलेल्या वहिवाटीतून आली आहे. 48 राज्यांत आणि राजधानीत ज्या उमेदवाराला एक मत अधिक पडेल त्याच्या पदरी त्या राज्याचे सगळे निर्वाचक जातात. प्रतिस्पर्ध्याला पन्नास लाख मते पडलेली असली तरी त्याच्या वाट्याला काहीही येत नाही. केवळ मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये काही निर्वाचक आपल्या पोटविभागांच्या कौलाप्रमाणे देतात. यामुळे ज्या राज्यांचा कल ठरून गेलेला आहे तेथे उमेदवार फारसे फिरकत नाहीत, आणि पेनसिल्व्हानिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा ज्या राज्यांत काटा हलता आहे तेथे त्यांची सारी शक्ती ओतली जाते. 1912 साली एकाच पक्षाचे पाठीराखे दोन प्रतिस्पर्ध्यांत विभागले गेल्यामुळे वुड्रो विल्सन यांना जनतेची सुमारे 42 टक्केच मते मिळूनही 531 पैकी 435 निर्वाचक त्यांच्या पदरात पडले.

उमेदवार कोण ठरवतो

जोगेश्वरीत निवडणूक जवळ आली म्हणजे इच्छुकांच्या मनात एकच चिंता असते, आणि ती म्हणजे पक्षाचा एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो. उमेदवारी देण्याचा अखत्यार आपल्याकडे पक्षश्रेष्ठींचा. मतदाराचे काम त्यानंतर सुरू होते. अमेरिकेत मतदाराचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. निवडणुकीच्या वर्षाच्या जानेवारीपासून राज्याराज्यांत प्रायमरी नावाच्या प्राथमिक निवडणुका होतात आणि काही राज्यांत कॉकस म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या सभा भरतात. त्यांत एकाच पक्षातील इच्छुक परस्परांशी झुंजतात आणि सामान्य नागरिक त्यांच्यातून निवड करतो. त्या कौलाप्रमाणे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी प्रतिनिधी ठरतात आणि उन्हाळ्यातील त्या अधिवेशनात उमेदवारीवर शिक्कामोर्तब होते.

ही प्रथा पूर्वापार नव्हती. 1968 साली शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्रायमरी लढवलेली नव्हती. सभागृहाबाहेर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर लाठ्या चालत होत्या आणि आत पक्षाचे मुखंड आपल्या मर्जीने उमेदवार ठरवत होते; त्या संतापातून पक्षाने आपले नियम बदलले, आणि हळूहळू दोन्ही पक्षांत उमेदवारीचा निर्णय मतदारांकडे गेला. आमच्या मते अमेरिकेच्या पद्धतीतून आपण काही घ्यावयाचे असेल तर ते हेच आहे. आपल्याकडे पक्षाच्या दाराआड होणारा निर्णय तेथे मोकळ्या मैदानात होतो. या प्रथेस महिनोन्महिने चालणाऱ्या प्रचाराचा व अफाट खर्चाचा दोष जडला आहे हे खरे. तथापि उमेदवाराची परीक्षा त्याच्याच पक्षाच्या सामान्य पाठीराख्यांनी घ्यावी, यातील तत्त्व मोलाचे आहे.

नोव्हेंबरच्या मंगळवारपासून जानेवारीच्या विसाव्या दिवसापर्यंत

आपल्याकडे निवडणुकीची तारीख निवडणूक आयोग ठरवतो. अमेरिकेत ती 1845 च्या कायद्याने कायमची ठरून गेली आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणारा मंगळवार हा तो दिवस. तो देश त्या काळी शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरात सुगी आटोपलेली असे, रविवार प्रार्थनेचा, बुधवार अनेक ठिकाणी बाजाराचा, आणि घोडागाडीने तालुक्याच्या ठिकाणी पोचण्यास एक दिवस लागे, म्हणून मंगळवार. शेतकरी शहरांत गेला, घोडागाडी अडगळीत पडली, पण मंगळवार राहिला. त्या दिवशी देशभर सुट्टीही नसते. पुष्कळ नोकरदार कामावर जाण्यापूर्वी किंवा कामावरून परतताना मत देतात, आणि अनेक राज्यांत टपालाने अथवा आगाऊ मत देण्याची सोय आहे.

20 मे 2024 रोजी जोगेश्वरीतील महापालिकेच्या शाळांत मतदान झाले तेव्हा जे यंत्र, जी शाई आणि जे नियम तेथे होते, तेच दूरच्या कोणत्याही गावी त्या निवडणुकीत होते. कारण 25 जानेवारी 1950 रोजी स्थापन झालेला निवडणूक आयोग संविधानाच्या 324 व्या अनुच्छेदाने साऱ्या देशाच्या निवडणुकांवर देखरेख करतो. अमेरिकेत असा आयोग नाही. तेथे राष्ट्रीय निवडणूक म्हणजे वस्तुतः 50 राज्यांच्या आणि राजधानीच्या मिळून 51 निवडणुका. मतदारनोंदणीचे नियम, मतपत्रिकेचा नमुना, यंत्रे, मोजणीची रीत हे सारे राज्यागणिक बदलते, आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी तीन हजारांहून अधिक काउंट्यांची, म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यांसारख्या घटकांची, दफ्तरे करतात. केंद्रीय निवडणूक आयोग नावाची एक संस्था तेथे आहे खरी, परंतु तिचा अखत्यार उमेदवारांच्या पैशाच्या हिशेबापुरता आहे. मतपत्रिकाही लांबलचक असते. अध्यक्षापासून शाळामंडळाच्या सदस्यापर्यंत कितीतरी पदांची निवड एकाच कागदावर करावी लागते.

मंगळवारच्या रात्री वृत्तवाहिन्या विजेत्याचे नाव सांगतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्या रात्री अध्यक्ष निवडला गेलेला नसतो. राज्ये आपापला निकाल प्रमाणित करतात; डिसेंबरच्या मध्यास निर्वाचक आपापल्या राज्याच्या राजधानीत जमून मते देतात; ती मते मोहोरबंद होऊन वॉशिंग्टनला जातात; आणि 6 जानेवारी रोजी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत उपाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली त्यांची मोजणी होते. 2024 च्या निवडणुकीत या मार्गाने डोनाल्ड ट्रम्प यांना 312 आणि कमला हॅरिस यांना 226 निर्वाचकांची मते मिळाली. शपथविधी 20 जानेवारीस दुपारी होतो. पूर्वी तो 4 मार्चला होत असे, 1933 च्या विसाव्या दुरुस्तीने तो अलीकडे आणला. कोणालाच बहुमत न मिळाल्यास निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, आणि तेथे प्रत्येक राज्यास एकच मत असते. 1801 साली जेफरसन आणि बर यांना प्रत्येकी 73 मते पडल्याने प्रतिनिधिगृहात 36 वेळा मतदान घ्यावे लागले, तेव्हा कोठे जेफरसन अध्यक्ष झाले. 1825 साली सर्वाधिक निर्वाचक मिळवलेले अँड्र्यू जॅक्सन बाजूस राहिले आणि गृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडले.

फ्लोरिडातील 537 मते

2000 सालच्या नोव्हेंबरात अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे 5 लाख 44 हजार मते अधिक मिळाली. तरीही अध्यक्षपद फ्लोरिडाच्या 25 निर्वाचकांवर येऊन अडले. तेथे कोठे मतपत्रिकेचा नमुना गोंधळात टाकणारा होता, कोठे मतपत्रिकेवर टोचून पाडावयाचे छिद्र अर्धवट पडले होते, आणि त्या अर्धवट छिद्रातून मतदाराचा हेतू वाचण्यासाठी अधिकारी भिंगे घेऊन बसले. एकेका काउंटीचा नियम वेगळा. म्हणून जे मत एका ठिकाणी ग्राह्य ते दुसऱ्या ठिकाणी बाद. छत्तीस दिवस हा वाद चालला. 12 डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली, आणि 29,12,790 विरुद्ध 29,12,253 हा आकडा कायम झाला. फरक 537 मतांचा. त्याच राज्यात तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना 97 हजारांहून अधिक मते पडली होती. देशभराच्या साडेपाच लाखांच्या आघाडीवर एका राज्यातील 537 मते भारी पडली आणि बुश 271 निर्वाचकांनिशी अध्यक्ष झाले. 2016 साली याचीच पुनरावृत्ती झाली. हिलरी क्लिंटन यांना जनतेची 28 लाखांहून अधिक मते जास्त मिळूनही अध्यक्षपद ट्रम्प यांच्याकडे गेले.

अध्यक्षाचा अखत्यार

अशा रीतीने निवडून आलेल्या पुरुषाच्या हाती काय येते? त्याच्या हाती चार वर्षांचा मुखत्यारनामा येतो. तो राष्ट्राचा प्रमुख आहे, शासनाचाही प्रमुख आहे आणि सेनेचा सरसेनापतीही आहे. आपल्या राष्ट्रपतीची प्रतिष्ठा आणि पंतप्रधानाची सत्ता या दोन्ही तेथे एका व्यक्तीत एकवटल्या आहेत. त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात. ते त्याने नेमलेले आणि त्याच्याच मर्जीने राहणारे असतात. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला कायदा तो नकाराधिकाराने परत पाठवू शकतो, आणि तो नकार मोडून काढण्यास दोन्हीकडे दोन तृतीयांश मते लागतात.

मात्र हा मुखत्यारनामा निरंकुश नाही. खजिन्याच्या किल्ल्या काँग्रेसकडे आहेत. मंत्री, राजदूत आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्या नेमणुकांना सिनेटची संमती लागते. परराष्ट्रांशी केलेल्या तहाला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची मंजुरी लागते. प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी संपूर्ण नव्याने निवडले जाते आणि सिनेटचा तिसरा हिस्सा त्याच वेळी बदलतो, म्हणजे अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर जनता त्याच्याशी झुंजणारे सभागृह त्याच्यासमोर उभे करू शकते. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर 1951 च्या बाविसाव्या दुरुस्तीने कोणासही दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येण्यास मनाई केली.

या प्रतिनिधिगृहात आज एक मराठी भाषिक बसलेला आहे. चिकोडीस जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून काही काळ भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले श्री ठाणेदार 1979 साली अमेरिकेस गेले. ‘ही श्रीची इच्छा’ या त्यांच्या आत्मकथनामुळे मराठी वाचक त्यांना ओळखतात. 2018 साली त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली आणि ते तिसरे आले. म्हणजे ज्या प्रायमरीचे वर्णन वर केले तिची चव त्यांनी पराभवातून घेतली. 2020 साली ते राज्याच्या कायदेमंडळावर आणि 2022 साली डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेल्या तेराव्या मतदारसंघातून राष्ट्रीय प्रतिनिधिगृहावर निवडून आले. अध्यक्षाच्या अंदाजपत्रकावर ते मत देऊ शकतात, अध्यक्षावर महाभियोग चालवण्याच्या ठरावावरही देऊ शकतात. मात्र ते स्वतः कधीही अध्यक्ष होऊ शकत नाहीत, कारण त्या पदासाठी पस्तीस वर्षे वय आणि चौदा वर्षे वास्तव्य यांखेरीज जन्मसिद्ध नागरिकत्वाची अट घटनेत लिहिलेली आहे. बेळगावच्या मातीतून गेलेल्या माणसासाठी त्या देशाने सभागृहाचे दार उघडले, परंतु त्या एका खुर्चीचे दार बंद ठेवले.

स्थैर्य आणि जबाबदारी

1913 च्या जुलैत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा विल्सन यांचा शपथविधी होऊन चारच महिने झाले होते. 1916 पर्यंत ते तेथे राहिले, आणि ती राज्यपद्धती त्यांनी जवळून पाहिली. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी अध्यक्षीय पद्धत की संसदीय पद्धत या प्रश्नाचे जे विवेचन केले, त्याहून स्पष्ट विवेचन आजवर क्वचितच कोणी केले असेल. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते की, लोकशाहीतील शासन स्थिर असावे आणि जबाबदारही असावे. पण दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अद्याप सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक देते. अमेरिकेत शासनाच्या जबाबदारीची परीक्षा मुदतीनंतर मतदार करतो. संसदीय पद्धतीत ती मुदतीनंतर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, तहकुबी आणि अविश्वास यांच्या द्वारे सभागृहात ती रोजही होते. म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली.

या विवेचनाचा दाखला दोन देशांच्या इतिहासातील एकेका मताने दिला आहे. 1868 साली अमेरिकेच्या सिनेटपुढे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोग चालला. त्यांना पदच्युत करण्यासाठी 36 मते हवी होती, 35 पडली, आणि विरुद्ध 19. पस्तीस सदस्यांना दोषी वाटणारा अध्यक्ष एका मताने पदावर राहिला. त्यानंतर बिल क्लिंटन यांच्यावर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग चालला, पण सिनेटने आजवर एकाही अध्यक्षाला दोषी ठरवलेले नाही. निक्सन यांनी 1974 साली महाभियोगाची वेळ येण्यापूर्वीच राजीनामा दिला. आता आपल्याकडे पाहावे. 17 एप्रिल 1999 रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने 269 आणि विरुद्ध 270 मते पडली, आणि सरकार त्याच दिवशी कोसळले. तेथे एका मताने अध्यक्ष वाचला, येथे एका मताने पंतप्रधान गेले.

आता जोगेश्वरीच्या 48 मतांचा अर्थ पुरता लागतो. त्या दिवशी त्या मतांनी दिल्लीचे सरकार बनवले नाही वा मोडले नाही. त्यांनी 543 मधील एक सदस्य पाठवला. पण तो सदस्य मुदतभर त्या सभागृहात बसतो, आणि कोणत्याही दिवशी त्याचा एक हात निर्णायक ठरू शकतो. एवढेच नव्हे, तर साडेपाच महिन्यांनी त्याच जोगेश्वरी पूर्वेच्या मतदारांनी विधानसभेसाठी मत दिले तेव्हा त्यांनी दीड हजारांच्या आसपासच्या फरकाने विरुद्ध पक्षाचा आमदार निवडला. आपल्या पद्धतीत सत्ता अनेक खुंट्यांवर वाटून टांगली जाते, म्हणून एक खुंटी हलली तरी घर हलत नाही. अमेरिकेने ती एकाच भक्कम खुंटीवर टांगली. म्हणून ती खुंटी ठोकताना प्रत्येक मताची, प्रत्येक मोजणीची आणि प्रत्येक नियमाची शुचिता तेथे प्राणाइतकी महत्त्वाची ठरते. 6 जानेवारी 2021 रोजी आदल्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल अमान्य करणारा जमाव काँग्रेसच्या कॅपिटॉल या इमारतीत घुसला आणि निर्वाचकांच्या मतांची मोजणी काही तास बंद पडली, ती रात्र उलटल्यावर दुसऱ्या पहाटे पुरी झाली. त्यानंतर 2022 च्या कायद्याने उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक असल्याचे निःसंदिग्धपणे लिहून टाकावे लागले.

या कायद्याने जे कागदावर आणले ते एका माणसाने एकवीस वर्षांपूर्वीच आचरून दाखवले होते. 6 जानेवारी 2001 रोजी संयुक्त बैठकीच्या अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष या नात्याने अल गोर बसले होते. फ्लोरिडाच्या मोजणीवर त्यांच्याच पक्षाचे काही सदस्य हरकती घेऊ पाहत होते. परंतु त्यांच्यावर एकाही सिनेट सदस्याची सही नव्हती, म्हणून गोर यांनी त्या हरकती नियमाप्रमाणे एकामागून एक नामंजूर केल्या, आणि अखेरीस आपल्या प्रतिस्पर्ध्याची 271 व आपली 266 मते जाहीर केली. देशभरात साडेपाच लाख मतांनी पुढे असलेल्या पुरुषाने आपला पराभव स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवला. ज्या पद्धतीत एका मोजणीवर एवढी सत्ता टांगलेली असते, ती पद्धत घटनेच्या कलमांइतकीच अशा माणसांवर उभी असते. आणि तिच्याहून वेगळी असली तरी आपलीही तशीच उभी आहे. म्हणून महापालिकेच्या शाळेतील रांगेत उभे राहताना जोगेश्वरीच्या मतदाराने आपल्या मतावर काय टांगलेले आहे हे ध्यानी घ्यावे, आणि निकाल लागल्यावर तो विरुद्ध गेला तरी नियमाच्या वाटेनेच चालण्याची तयारी त्याच रांगेत मनाशी करावी.